१९३४ ची सिट्रोएन ट्रॅक्शन अवाँ आणि क्रायस्लर एअरफ्लो, या दोन गाड्यांपैकी सरस कोणती? दोन्ही काळाच्या पुढे होत्या, तर एकच का टिकली?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर चालवायला ट्रॅक्शन, मागे ऐसपैस बसायला एअरफ्लो. फ्रेंच गाडी १९५७ पर्यंत निघत राहिली आणि अमेरिकन १९३७ मध्येच गुंडाळली गेली, असं का, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. त्याचा सरस-निरस असण्याशी फारसा संबंध नाही असं माझं मत आहे. का ते सांगतो, पण जरा पाल्हाळ लागेल.

आधी मी कोण ते. नोकरीची तीसेक वर्षं मी गाड्यांच्या बॉडीवर काम केलं, बरीचशी पुण्यात आणि काही मिशिगनमध्ये. म्हणजे पत्रा कुठे जाड ठेवायचा, कुठे वेल्ड मारायचा, धक्का बसला की तो कुठून कुठे जाणार, हे बघणं माझं काम. इंजिनवाल्यांना आमचं काम म्हणजे डबे जोडणं वाटतं. वाटू दे. या दोन गाड्या मात्र त्या 'डब्या'मुळेच इतिहासात गेल्या, म्हणून माझा दोघींवर जीव आहे.

आता एक साधा अनुभव आठवा. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कधी घाट उतरलाय? प्रत्येक खड्ड्याला माणूस वीतभर उडतो, आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरची आजी मात्र निवांत पेंगत असते. बस तीच, रस्ता तोच. फरक एवढाच की आजी दोन एक्सेलच्या मध्ये आहे आणि तुम्ही मागच्या एक्सेलच्याही पलीकडे लटकताय. १९३० च्या आसपासच्या बहुतेक मोटारींत मागच्या सीटची हीच गत होती. इंजिन पुढच्या एक्सेलच्या मागे, त्यामागे ड्रायव्हर, आणि मग उरलेल्या जागेत मागची मंडळी थेट मागच्या एक्सेलच्या डोक्यावर. घोडागाडीची मांडणी होती ती. घोडा सोडून इंजिन जोडलं, बाकी काही हललं नाही.

क्रायस्लरचा इंजिनिअर कार्ल ब्रीअर याच्या डोक्यात हे बदलायचं होतं. त्याचे दोन साथीदार, फ्रेड झीडर आणि ओवेन स्केल्टन. या तिघांचं त्रिकूट कंपनीत प्रसिद्ध होतं. सुरुवात झाली वाऱ्यापासून. विमानाच्या शोधातला धाकटा भाऊ ऑरव्हिल राईट याचा सल्ला घेऊन त्यांनी छोट्या मॉडेलांवर वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या केल्या. त्यातून एक लाजिरवाणी गोष्ट बाहेर आली. त्या काळची मोटार सरळ चालवण्यापेक्षा उलटी चालवली तर वाऱ्याला कमी अडते! पुढून उभी भिंत आणि मागून उतरतं टपरं, दुसरं काय होणार. पुढे कंपनीने जाहिरातबाजीसाठी आपल्याच डी सोटो या दुसऱ्या नावाने विकली जाणारी एक गाडी खरोखर उलट्या दिशेने चालेल अशी बनवून डेट्रॉइटच्या रस्त्यांवर फिरवली. लोकांची काय तारांबळ उडाली असेल याची कल्पना करून मला अजून हसू येतं.

१९३२ मध्ये प्रायोगिक गाडी तयार झाली. गुप्तता राहावी म्हणून ती कंपनीच्या नावावर न नोंदवता ट्रायफन नावाच्या एका मेकॅनिकच्या नावावर नोंदवली, त्यामुळे तिचं नावच 'ट्रायफन स्पेशल' पडलं. वॉल्टर क्रायस्लर स्वतः तीत बसला आणि त्याने होकार दिला. हा माणूस रेल्वेच्या वर्कशॉपमधून वर आलेला, यंत्र हाताने ओळखणारा. त्याला ती गाडी आवडली यात नवल नाही.

आणि गाडी होतीही तशीच. इंजिन साधारण अर्धा मीटर पुढे सरकवून थेट पुढच्या एक्सेलवर आणलं. त्याबरोबर सगळी माणसं पुढे सरकली आणि मागचं सीट एक्सेलच्या पुढे आलं. वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर बरंच सारखं वाटलं गेलं, पुढचे पाटे म्हणजे स्प्रिंगा लांब आणि मऊ करता आले. ब्रीअरचं म्हणणं असं की माणसाला चालण्याच्या लयीची सवय असते, तेव्हा गाडीचं हेलकावणंही त्याच लयीत हवं. सीटही रुंद, सोफ्यासारखी, आणि तिची क्रोमच्या नळ्यांची चौकट मुद्दाम उघडी ठेवलेली. बॉडी म्हणजे पुलाच्या कैचीसारखा लोखंडी पिंजरा, चासीशी म्हणजे खालच्या सांगाड्याशी जोडलेला, आणि त्यावर पत्रा. अस्सल मोनोकॉक, म्हणजे वेगळ्या चासीविना स्वतःच भार पेलणारी बॉडी, नव्हे ही, तिच्या दारातली पायरी म्हणावी लागेल.

आता पॅरिसकडे. आंद्रे सिट्रोएनची गोष्ट क्रायस्लरच्या उलट. हा गिअरचे दात कापण्याच्या धंद्यातून आला. कंपनीच्या बिल्ल्यावरचे ते दोन उलटे 'व्ही' म्हणजे त्या गिअरचे तिरके दात. माणूस हौशी, जाहिरातीचा भोक्ता. १९२५ पासून जवळजवळ दहा वर्षं आयफेल टॉवरवर दिव्यांनी स्वतःचं नाव झळकवलं त्याने. जुगाराच्या टेबलावरही बसायचा. ट्रॅक्शन हा त्याचा सगळ्यात मोठा डाव.

मार्च १९३३ मध्ये आंद्रे लफेव्ह्र हा इंजिनिअर कामावर रुजू झाला. तो व्होआझँ या विमानं आणि मोटारी बनवणाऱ्याच्या हाताखाली तयार झालेला. एप्रिल १९३४ मध्ये गाडी लोकांसमोर होती. तेरा महिने! आज संगणक, रोबो सगळं असूनही कोणी मला तेरा महिन्यांत कोऱ्या पाटीवरून गाडी द्या म्हटलं तर मी चहा पाजून त्याची बोळवण करीन. आणि त्याच सुमारास सिट्रोएनचा पॅरिसमधला जाव्हेलचा कारखानाही पाडून नव्याने बांधणं चालू होतं. रूप दिलं फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराने. त्याने कागदावर चित्रं काढत न बसता हातांनी मॉडेल घडवलं, आणि गाडीच्या अंगावर ते दिसतं.

ट्रॅक्शनला 'जगातली पहिली फ्रंट-व्हील ड्राइव्ह' किंवा 'पहिली चासीविना गाडी' म्हणणारे बरेच भेटतात. दोन्ही चूक. जर्मनीची डीकेडब्ल्यू आणि अमेरिकेची कॉर्ड पुढच्या चाकांवर आधीच धावत होती, आणि इटलीच्या लान्चियाने लॅम्ब्डा १९२२ मध्येच वेगळ्या चासीशिवाय केली होती. ट्रॅक्शनचं वेगळेपण हे की पुढच्या चाकांना गती, चासीविना वेल्ड केलेली पोलादी बॉडी, हायड्रॉलिक ब्रेक, पाट्यांऐवजी पिळाचे दांडे म्हणजे टॉर्शन बार, इंजिनात बदलता येणारे लायनर म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, हे सगळं एकाच, मध्यमवर्गाला परवडू शकेल अशा गाडीत, आणि लाखांच्या संख्येने.

नावाचा अर्थच 'पुढून ओढणं'. आपल्याकडे हे समजवायला इंजिनिअर लागत नाही. बैल गाडी ओढतो, मागून ढकलत नाही. मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट गेला, त्यामुळे गाडीचा तळ सपाट झाला आणि सगळं धूड खाली बसवता आलं. पायरी नाही, सरळ घरात शिरल्यासारखं आत पाऊल टाकायचं. चाकं पार चार कोपऱ्यांत. म्हणजे मागची माणसं इथेही एक्सेलच्या पुढेच. एसटीच्या शेवटच्या बाकाचं दुखणं दोघींनी एकाच वर्षी आपापल्या वाटेने मिटवलं.

गंमत म्हणजे या दोन कंपन्यांचं आधीपासून साटंलोटं होतं. इंजिन रबरावर तरंगतं ठेवून थरथर कमी करण्याची क्रायस्लरची पद्धत सिट्रोएनने १९३२ मध्ये परवाना घेऊन उचलली होती. त्या गाड्यांवर हंसाचं चित्र असायचं. आणि ट्रॅक्शनच्या वेल्ड केलेल्या बॉडीमागे पोलादी बॉडी बनवणाऱ्या फिलाडेल्फियाच्या बड कंपनीचं ज्ञान होतं. तेव्हा 'फ्रेंच प्रतिभा विरुद्ध अमेरिकन ताकद' वगैरे लिहिणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. आणखी एक साम्य सांगतो, कोणी सांगत नाही म्हणून. सुरुवातीच्या दोन्ही गाड्यांना बाहेरून उघडणारी डिकी नव्हती. सामान आतून, मागचं सीट वाकवून ठेवायचं. एवढे डोकेबाज लोक, आणि ट्रंक कुठून आत जाणार हे कोणाला सुचलं नाही!

आता टिकण्याचं. सुरुवात दोघींचीही खराब झाली, हे आधी लक्षात घ्या.

एअरफ्लो जानेवारी १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. लोक तुटून पडले, ऑर्डरी भरपूर आल्या. पण कारखाना तयार नव्हता. नवी वेल्डिंगची पद्धत बसेना, गाड्या महिनोन्महिने लोकांच्या हाती पडल्या नाहीत, आणि ज्या पहिल्यांदा बाहेर पडल्या त्यांत गंभीर दोष होते. गाडी कमजोर आहे अशी कुजबुज पसरली. ती खोडायला कंपनीने पेनसिल्व्हेनियात एक गाडी एकशेदहा फूट कड्यावरून खाली ढकलली. कोलांट्या खात ती चाकांवर पडली आणि चालवत नेली. चित्रीकरणासकट! अमेरिकेतल्याच बॉनव्हिलच्या मिठागरावर रेसिंग ड्रायव्हर हॅरी हार्ट्झने तीत वेगाचे ढिगभर विक्रम केले. उपयोग शून्य.

ट्रॅक्शनची रड याहून मोठी. तिच्यासाठी आपोआप गिअर बदलणारी पेटी ठरवली होती, ती ऐनवेळी चालेना म्हणून अगदी शेवटच्या आठवड्यांत घाईघाईने साधी तीन गिअरची पेटी बसवली. पुढच्या चाकांकडे जाणारे सांधे तुटत. बॉडीला तडे जात. पहिल्या गिऱ्हाइकांनी काय शिव्या दिल्या असतील. त्यातच पैसे संपले. १९३४ च्या डिसेंबरात सिट्रोएन कंपनीचं दिवाळं निघालं, सगळ्यात मोठा सावकार असलेल्या टायरवाल्या मिशलँने कारभार हाती घेतला, आणि जुलै १९३५ मध्ये आंद्रे सिट्रोएन कर्करोगाने गेला. आपल्या गाडीचं चीज झालेलं त्याने पाहिलं नाही.

माझा मुद्दा इथे येतो. मिशलँकडे दुसरा चारा नव्हता. सगळी गुंतवणूक ट्रॅक्शनमध्ये अडकलेली. टाकून देता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती दुरुस्त केली. चिकाटीने, एकेक करून. सांधे सुधारले, बॉडी मजबूत केली, १९३६ मध्ये नवं रॅक-पिनियनचं स्टिअरिंग दिलं, नवनवे उद्योग मात्र बंद. क्रायस्लरकडे उलट परिस्थिती. घरात स्वस्त आणि दणकून खपणारी प्लिमथ होती. खुद्द क्रायस्लर नावाच्या जुन्या वळणाच्या सहा सिलिंडरच्या गाड्या एअरफ्लोच्या दुपटीहून जास्त विकल्या गेल्या. मग रुसलेल्या नव्या सुनेची समजूत कोण काढणार? १९३५ मध्ये एअरफ्लोला टोकदार जाळी बसवून चेहरा 'नॉर्मल' करायचा केविलवाणा प्रयत्न झाला आणि शेजारीच एअरस्ट्रीम नावाची साधी गाडी मांडली गेली. डी सोटोचं तर फारच वाईट झालं. १९३४ मध्ये त्यांच्याकडे एअरफ्लोशिवाय विकायला काही नव्हतं, आणि वर्षभरात चौदा हजारांच्या आतच गाड्या गेल्या. शेवटपर्यंत दोन्ही नावांच्या मिळून सुमारे ५५ हजार एअरफ्लो झाल्या. ट्रॅक्शन साडेसात लाखांहून अधिक.

चेहऱ्याचं कारण सगळे देतात, आणि त्यात तथ्य आहे. त्या काळी गाडीचा चेहरा म्हणजे उभा रेडिएटर आणि दोन्ही बाजूंना सुटे दिवे. एअरफ्लोने दिवे अंगात बुडवले आणि जाळी धबधब्यासारखी बोनेटवरून खाली सोडली. माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरमध्ये फिटर होते. वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून काढलेला कारखाना तो. डॉज, प्लिमथ, डी सोटो या नावांवरच आम्ही लहानाचे मोठे झालो. मिशिगनहून सुट्टीवर आलो तेव्हा त्यांना एअरफ्लोचा फोटो दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हिचं तोंड कुठंय रे?" डी सोटोची आहे म्हटल्यावर तर त्यांचा विश्वासच बसेना.

ट्रॅक्शनचा चेहरा मात्र जुनाच आहे. लांब बोनेट, पुढे ठसठशीत जाळी, सुटे दिवे, वेगळे मडगार्ड. जे नवं होतं ते सगळं पत्र्याखाली, गिऱ्हाइकाला दिसणारही नाही अशा जागी. फक्त ती बुटकी दिसायची, आणि बुटकेपणा लोकांना रुबाबदार वाटला. बेर्तोनीने हे ठरवून केलं की आपसूक झालं, कोण जाणे. बॉडीवाल्याच्या नजरेने सांगतो, धाडस ट्रॅक्शनचं जास्त मोठं आहे. एअरफ्लोने ते तोंडावर फासलं, एवढंच.

गाडी किती टणक झाली होती याचा दाखला हवा असेल तर फ्रँस्वा लेको या लियॉनजवळच्या रॉशताये गावच्या हॉटेलवाल्याची कथा वाचा. जुलै १९३५ ते जुलै १९३६, रोज हजाराहून अधिक किलोमीटर, एक दिवस पॅरिसच्या दिशेने, दुसऱ्या दिवशी मोंते कार्लोच्या, असं करत ट्रॅक्शनवर वर्षभरात ४ लाख किलोमीटर काढले पठ्ठ्याने. रात्री जेमतेम चार तास झोप. सांधे तुटणारी हीच ती गाडी, वर्षभरापूर्वीची.

मी स्वतः चालवली आहे ती युद्धानंतरची ट्रॅक्शन, ११ नंबरची. कामानिमित्त फ्रान्समध्ये काही आठवडे होतो तेव्हा एका सहकाऱ्याने एका रविवारी किल्ली हातात दिली. हाडं १९३४ चीच, त्यामुळे ती गणतीत धरायला हरकत नसावी. गिअरचा दांडा डॅशबोर्डातून बाहेर येतो, कारण पेटी पार पुढे, इंजिनाच्याही पुढे आहे. इंजिन उलटं बसवलेलं. पहिला गिअर टाकताना थांबावं लागतं, नाहीतर दातांची करकर. गिअर रडत असतात हे ऐकू येतं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे विहिरीचा रहाट ओढण्यातला प्रकार. पण साठ-सत्तरचा वेग आला, वळणांचा रस्ता लागला, आणि मला जे वाटलं ते शब्दांत पकडणं कठीण आहे. गाडी कलत नाही. जिथे चाक वळवाल तिथे ती ओढली जाते, जणू रस्त्यात खाच आहे. सहकारी शेजारी बसून नुसता हसत होता. लोक अशा गाडीतून पळायचे आणि पाठलागही करायचे. युद्धकाळात गेस्टापो म्हणजे नाझींचे गुप्त पोलीसही हीच वापरायचे आणि त्यांच्याविरुद्ध लढणारे फ्रेंच भूमिगतही हीच, यात मला काही आश्चर्य वाटलं नाही.

एअरफ्लो चालवायला मिळाली नाही, मागे बसायला मिळाली. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात एका आजोबांची डी सोटो एअरफ्लो होती. मी बराच वेळ खाली वाकून पिंजरा बघत होतो, त्याची कीव येऊन असेल, त्यांनी फेरी मारून आणली. उन्हाळ्यात उखडलेला, ठिगळं मारलेला रस्ता होता. सीट खरंच सोफ्यासारखी, पाय पसरून तिघे बसतील अशी. खड्डा यायचा, आवाज व्हायचा, आणि धक्का यायचाच नाही. एक हलका झोका, बस्स. जी ट्रॅक्शन मी चालवली तिच्या मागच्या सीटवर हे सुख नव्हतं. तिचा कडकपणा वळणावर उपयोगी पडतो, ठिगळांच्या रस्त्यावर पाठीला कळतो.

एअरफ्लो वाया गेली असं मात्र मानू नका. जपानमध्ये १९३६ साली टोयोटाची पहिली प्रवासी गाडी एए आली, तिचा फोटो शोधून एअरफ्लोशेजारी ठेवा. कोणाचं बघून काढली ते सांगायला नको. आणि इंजिन पुढे, माणसं दोन एक्सेलच्या मध्ये, ही मांडणी तर दहा-पंधरा वर्षांत झाडून सगळ्यांनी उचलली, ज्यांनी एअरफ्लोची टिंगल केली त्यांनीसुद्धा.

घ्यायची झाली तर कोणती, असं कोणी पुढे विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. ट्रॅक्शन. युरोपात तिचे क्लब आहेत, सुटे भाग अजून नव्याने बनतात. पुढचं इंजिन आणि चाकांचं सगळं बिऱ्हाड चार मोठ्या बोल्टांवर बॉडीला टांगलेलं असतं, ते सोडवलं की अख्खं पुढे ओढून काढता येतं. एअरफ्लोचा एक दिवा फुटला तर तो शोधण्यात वर्ष जाईल. तेव्हा ट्रॅक्शनच. एकच अट, कर्वे रोडवर यू-टर्न घ्यायला सांगायचं नाही. तिचा वळायचा घेर बघता दोन सिग्नल अडवून ठेवीन मी.